एक्केचाळीस उलटे बाण

वीज कंपनीच्या त्या कचेरीत त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लाइनमन, मीटरवाले, बिलाचे कारकून, झाडून सगळे त्याला ‘सप्लायदादा’ म्हणायचे. कारण छत्तीस वर्षं या माणसाने एकच वाक्य लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, "तोंड सप्लायकडे!" खांबावर चढलास की आधी बघ, वीज येते कुठून. तिकडे तोंड करून काम कर. जिकडून मरण यायचं तिकडे पाठ करायची नाही. हे त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं, आणि शिकवताना दोनदा टाळक्यात पक्कडही हाणली होती, त्यामुळे ते कायमचं डोक्यात बसलं.

पण एखादी गोष्ट अंगात भिनावी म्हणजे किती भिनावी! कुणाच्या घरी गेला की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी विचारायचा, "मेन स्विच कुठंय?" मग खुर्ची वळवून त्या स्विचकडे तोंड करून बसायचा. यजमान एकीकडे, हा दुसरीकडे. भाचीच्या लग्नाच्या फोटोत सगळं कुटुंब कॅमेऱ्याकडे बघतंय आणि हा एकटा डावीकडे, कारण हॉलचा मीटरबोर्ड डावीकडे होता. बायकोने तो फोटो कपाटात तळाशी ठेवून दिला.

तर अशा या माणसाला आता खांबावरून खाली उतरायचं होतं. का, म्हणून कुणी विचारलं की गुडघ्याला हात लावायचा. "गुडघे गेले रे बाबा," म्हणायचा. बायकोने तर निर्वाणीचं बजावलं होतं, "या वर्षी तुम्ही खाली आला नाहीत ना, तर मी वर येईन. मग बघा!" निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. पण सप्लायदादासारखा माणूस उतरणार तरी कसा? अर्ध्या कचेरीला चढायला शिकवलेला माणूस. त्याला मानाने उतरायला काहीतरी शिडी हवी होती. आणि ती एक दिवस खुर्चीच्या रूपाने आली.

खुर्ची आणली मॅडमनी. मॅडम म्हणजे कचेरीतल्या नव्या इंजिनिअर, वयाने दादाच्या मुलीएवढ्या, बोलायला गोड आणि कामाला कडक. त्यांनी भलंमोठं खोकं फोडलं आणि आतून मुठीएवढ्या बेचाळीस डब्या काढल्या. या डब्या म्हणजे सेन्सर. तारेवर लावायच्या, की त्या तारेतून किती वीज गेली, कुठल्या दिशेने गेली, तार तापली का, हे सगळं आपलं आपण हवेतून कचेरीला कळवत राहणार. मध्ये ना वायर ना काही.

"बिनतारी म्हणता आणि बसवायच्या तारेवरच?" दादाने विचारलं.

"बातमी बिनतारी पाठवतात हो, दादा," मॅडम हसल्या.

आणि त्या बातम्या वाचायला सबस्टेशनातल्या एका खोलीत मोठी स्क्रीन लावली होती, आणि स्क्रीनसमोर ती खुर्ची. खाली चाकं, पाठीला उशी, दोन्ही हात टेकायला जागा. दादा एकदा कुणी नसताना तीत बसून आला. एक गिरकीही घेतली. मेन स्विच अगदी समोर येत होता. खुर्चीने त्याचं मनच जिंकलं.

पण खुर्चीवर आणखी एकाचा डोळा होता. बिलाचा कारकून. दहाही बोटांनी टाइप करणारा, कॉम्प्युटरशी तासन्‌तास एकटा बोलणारा, आणि उभ्या आयुष्यात खांबाला टेकूनसुद्धा उभा न राहिलेला. मॅडमनी स्पष्टच सांगितलं, "दादा, ज्याला एकूण एक खांब ठाऊक आहे त्याने इथे बसावं असं माझं मत. पण ठरवणार मोठे साहेब. तुम्ही डब्या नीट लावा. स्क्रीन सुरू होईल त्या दिवशी तुम्हीच बसा. साहेब त्यांच्या कचेरीतून सगळं बघणार आहेत. काम चोख झालं तर मी शब्द टाकीन."

झालं! दादाला दहा हत्तींचं बळ आलं. गुडघेबिडघे विसरून तो कामाला लागला.

एक डबी मॅडमनी स्वतः लावून दाखवली, सबस्टेशनच्या फाटकाच्या आतल्या खांबावर. त्या वेळी त्या काय काय बोलल्या ते सगळे लाइनमन कान देऊन ऐकत होते, दादा सोडून. दादा लांब उभा राहून मॅडमच्या शिडीचा पाय जमिनीवर नीट टेकलाय का तेच बघत होता. इंजिनिअर पडला तर खुर्ची कोण देणार? उरलेल्या एक्केचाळीस डब्या त्याने आणि त्याच्या मेहुण्याने लावायच्या होत्या. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दादानेच शिकवून लाइनमन केलेला, भाऊजींच्या शब्दाबाहेर न जाणारा. मॅडमचं बोलणं चालू असताना तो मागे दोर गुंडाळत होता.

पहिल्याच खांबावर मेहुण्याने डबी उलटसुलट करून पाहिली. "भाऊजी, हिच्यावर बाण काढलाय. तो कुठल्या बाजूला करायचा?"

"कुठल्या म्हणजे? इतकी वर्षं काय शिकवलं तुला? तोंड कुठे?"

"सप्लायकडे."

"मग! माणसाचं तोंड सप्लायकडे आणि डबीचं काय गटाराकडे करतोस?"

मेहुण्याने मान डोलावली. दादाचं म्हणणं इतकं बिनतोड होतं की खोक्यातला माहितीचा कागद उघडायची कुणाला गरजच वाटली नाही. नऊ दिवसांत एक्केचाळीस डब्या लागल्या. एकही वाकडी नाही, एकही सैल नाही. दादाने प्रत्येक डबीला दोन बोटांनी हलवून बघितलं आणि शाबासकी दिल्यासारखी थोपटली.

स्क्रीन सुरू व्हायच्या दिवशी बायकोने त्याचा शर्ट परीटघडीचा काढून ठेवला. "आज पडून येऊ नका म्हणजे झालं," ती म्हणाली.

"अगं, खुर्चीवरून कोण पडतं?"

"तुमचा काय भरवसा!"

दहा वाजता दादा खुर्चीत बसला. मागे मॅडम, कोपऱ्यात मेहुणा, दारात बिलाचा कारकून चेहरा पाडून उभा. मॅडमनी बटण दाबलं. स्क्रीनवर सगळ्या भागाचा नकाशा उजळला, खांबांचे ठिपके, ठिपक्यांमधून धावणाऱ्या हिरव्या रेघा. दादाला भरून आलं. छत्तीस वर्षं जी गोष्ट नुसती मनाने बघितली ती डोळ्यांसमोर पळत होती.

आणि मग नकाशात फाटकाजवळ एक लाल वर्तुळ उमटलं. ते आपलं ठणकणाऱ्या गळवासारखं ठसठसायला लागलं.

फोन वाजला. मोठे साहेब. "अहो, तिथे पहिल्या खांबापाशी काय आहे? सबस्टेशनातून निघालेली वीज तिथपर्यंत जातेय आणि पुढे जातच नाहीये. गडप!"

"साहेब, एक मिनिट," मॅडम पुढे झाल्या. "आधी डब्या तपासून घेऊ. मला वाटतं कुठेतरी..."

आता माणसाने गप्प बसावं की नाही? पण दादाला डब्यांवर आलेला संशय लागला. वर्मी लागला! त्याने चक्क मॅडमच्या पुढे तोंड घातलं. "साहेब, डब्या मी लावल्यात. डब्यांत खोट निघणार नाही. ही चोरी आहे. सरळसरळ चोरी!"

"वा!" साहेब म्हणाले. "असा माणूस पाहिजे त्या खुर्चीत. भरारी पथक पाठवतो."

फोन ठेवला. दादा खुर्चीत मागे रेलला. कारकून दारातून निघूनही गेला होता. मेहुणा मात्र डोकं खाजवत होता. "पण भाऊजी, फाटकाबाहेरच्या पहिल्या खांबाखाली तर आपला इस्त्रीवाला."

रेललेला दादा खाडकन ताठ बसला. कारण हे भरारी पथकाला माहीत नसलं तरी कचेरीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, की तो म्हातारा इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री वापरायचा. त्याच्या टपरीत विजेची वस्तू म्हणावी तर एक पिवळा बल्ब, आणि तोही अर्धवट मेलेला. दादाच्या अंगातल्या त्या परीटघडीच्या शर्टाला इस्त्रीही त्यानेच केली होती.

पथक अर्ध्या तासात हजर झालं. चौघं जण, काळी गाडी, प्रमुखाच्या मिशा अशा की पाहूनच माणसाने न केलेला गुन्हा कबूल करावा. त्यांनी टपरीला वेढा घातला. इस्त्रीवाल्याची बोबडी वळली. एका हातात कुणाची तरी पँट, दुसऱ्या हातात पेटती इस्त्री.

"वीज कशावर वापरतोस?" प्रमुखाने दरडावलं.

"बल्बावर, साहेब."

"अख्ख्या भागाची वीज एका बल्बावर? आणि हे काय आहे?"

"इस्त्री."

"हिची वायर कुठे लपवलीस?"

इस्त्रीवाल्याने इस्त्रीचं झाकण उघडलं. आत निखारे फुललेले. पथकाचा एक जण तरीही वाकून त्यात वायर शोधायला गेला आणि भुवई होरपळून मागे आला.

एव्हाना ही एवढी गर्दी जमली. समोरचा सलूनवाला अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर. प्रमुख काही हार मानणारा नव्हता. "जमिनीखालून केबल असणार. फरशी उकरा!" पहार आली. टपरीतली कपड्यांची बोचकी रस्त्यावर फेकली गेली. इस्त्रीवाल्याने इकडेतिकडे बघितलं आणि त्याला गर्दीत दादा दिसला. "दादा! अहो दादा, तुम्ही तरी सांगा ना यांना! वीस वर्षं बघताय मला!"

दादाने काय सांगावं? त्याला नजर मिळवता येईना, म्हणून त्याने मान वर केली. सवयीने डोळे आधी फाटकाकडे गेले, जिकडून वीज येते तिकडे. आतल्या खांबावर मॅडमनी लावलेली डबी. तिचा बाण बाहेरच्या बाजूला, वस्तीकडे. मग त्याने डोक्यावरच्या खांबाकडे बघितलं. तिथे त्याने लावलेली डबी. तिचा बाण आतल्या बाजूला, फाटकाकडे. दोन्ही डब्या टकरीला उभ्या राहिलेल्या बोकडांसारख्या एकमेकींकडे तोंड करून बसल्या होत्या.

दादाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाण म्हणजे डबीचं तोंड नव्हतं. बाण म्हणजे वीज जाते कुठे ती दिशा! मॅडमची एकटी डबी खरं सांगत होती, आणि त्याच्या एक्केचाळीस डब्या एकसुरात उलटं सांगत होत्या. इकडून वीज येते, तिकडूनही वीज येते, आणि दोन्ही मिळून या गरीब म्हाताऱ्याच्या टपरीत शिरते. त्या बिचाऱ्या स्क्रीनला दुसरं काय दिसणार?

खोटं कशाला बोला, पहिला विचार त्याच्या मनात आला तो खुर्चीचाच. अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फरशी उकरू देत, खाली काय मिळणार, दगडमाती. पथक हात हलवत परत जाईल. मग आपण आणि मेहुणा गुपचूप एकेक डबी फिरवू. स्क्रीन आपोआप सुधारेल. खुर्ची आपली. सगळं कसं सुतासारखं सरळ. इतक्यात पहार फरशीवर आदळली, फरशीचा टवका उडाला आणि इस्त्रीवाला मटकन खाली बसला. हातातली पँट मात्र त्याने जमिनीला लागू दिली नाही, वरच धरली.

"थांबा!" दादा ओरडला. इतक्या जोरात, की सलूनवाल्याच्या हातून वस्तरा पडला. "खणू नका! चोरीबिरी काही नाही. गाढवपणा आहे, आणि तो माझा आहे!"

मग त्याने भर रस्त्यात सगळं सांगितलं. उस्ताद, पक्कड, तोंड सप्लायकडे, बाण, बोकड. सांगायला लागला तो थांबेचना. प्रमुखाच्या मिशा आधी ताठ झाल्या, मग थरथरल्या, आणि मग त्या मिशांखालून असं हसू फुटलं की त्याला खांबाला धरावं लागलं. गर्दी हसली. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक हसलं. एकटा इस्त्रीवाला तेवढा हसला नाही. त्याने दादाचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यामुळे ही वेळ आली त्याचेच आभार मानत होता तो!

दादा आणि मेहुण्याने फरशी बसवून दिली, बोचकी उचलून आत ठेवली. मोठ्या साहेबांचा निरोप दुपारी आला. खुर्ची कारकुनाला. आणि ज्यांनी डब्या उलट्या लावल्या त्यांनीच त्या फिरवायच्या, एकूण एक.

घरी जाऊन बायकोला सांगायचं म्हणजे भरारी पथक परवडलं. दादाने चप्पल काढता काढताच सांगून टाकलं. तिने त्याच्या चपला उचलून कोपऱ्यात ठेवल्या. मग म्हणाली, "म्हणजे पुन्हा एक्केचाळीस खांब?"

"हो."

"मी येते."

"कुठे?"

"खांबाखाली. उभी राहते. तुम्हा दोघांना बाणाची बाजू कळत नाही, कुणीतरी नको का शहाणं?"

तिला अडवणं दादाच्या बापाला जमलं नसतं. मॅडमनी नियम सांगून पाहिला, की बाहेरच्या माणसाने शिडीला हात लावायचा नाही. तिने ते मान्य केलं. तेव्हा व्यवस्था अशी झाली, की वीज बंद करून दादा वर चढायचा, मेहुणा शिडी धरायचा, आणि ती मागून मेहुण्याचा शर्ट धरायची. "धाकट्या, हलू नकोस!" असं त्याला दर मिनिटाला बजावायची. वरून डबी फिरवली की दादाने बाण कुठे ते ओरडून सांगायचं आणि तिने खालून "बरोबर!" म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला खांबावर कधी बघितलंच नव्हतं, ते आता दिवसाला पाच-पाच वेळा बघत होती.

सहाव्या दिवशी शाळेमागच्या खांबावर दादा डबी फिरवून झाल्यावरही उतरेना. तिने "बरोबर!" म्हटलं. परत म्हटलं. तो तसाच. दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून, डोळे मिटून. मेहुणा हाका मारायला लागला तसं तिने त्याला गप्प केलं आणि हळू आवाजात, घरात बोलावं तशी म्हणाली, "अहो, एक पाय खाली टाका. नुसता एक. मग दुसऱ्याचं बघू." एक पाय आला. मग दुसरा. असं करत तो जमिनीवर आला तेव्हा शर्ट घामाने चिंब झाला होता.

मेहुण्याला तिने पाणी आणायला पिटाळलं. "गुडघे?" तिने विचारलं.

दादा खांबाच्या बुंध्याशी बसला होता. इतके दिवस जे स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "गुडघ्यांना काय धाड भरलीय! भीती वाटते गं मला. दोन वर्षं झाली. वर गेलो की हात सुटत नाहीत. रोज वाटतं, आज शेवटचं."

ती त्याच्याशेजारी फतकल मारून बसली. रस्त्यावर, खांबाखाली, सगळ्यांच्या देखत. "मग सांगायचं नाही का कुणाला?"

"लाइनमनने? भीती वाटते म्हणून?"

"का, लाइनमनला काय जीव नसतो?"

उरलेल्या बारा डब्या मेहुण्याने फिरवल्या. शिडी दादाने धरली, आणि शर्ट धरायचं काही तिने सोडलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात दादा मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. बायको बाहेर बाकावर बसली होती, तो पळून जाऊ नये म्हणून. त्याने घसा खाकरला, छताकडे बघितलं आणि सांगून टाकलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक फाइल काढली आणि तिच्यातलं एक पान त्याच्यापुढे ठेवलं. पंचावन्न वर्षांवरच्या लाइनमनने नुसता अर्ज केला तर त्याला जमिनीवरचं काम द्यायचं, असा नियम होता. खुर्ची नको, साहेब नको, कुणाचा शब्द नको.

"हा नियम कधीपासून आहे?" दादाने विचारलं.

"सोळा वर्षं."

"आणि अर्ज किती आले?"

मॅडमनी फाइल उलटी करून हलवली. तिच्यातून एक टाचणी पडली.

दादाला आपल्या खुर्चीच्या सगळ्या खटाटोपाचं हसू आलं आणि रडूही आलं. अर्ज त्याने तिथेच लिहिला. ‘कारण’ या रकान्यापाशी हात थांबला. ‘गुडघेदुखी’तला ‘गु’ लिहिलाही होता. तो खोडला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘वर भीती वाटते.’ सही केली आणि मागे वळून न बघता बाहेर पडला. अर्ज मंजूर झाला. कारकुनाच्या शेजारी एक साधं स्टूल आलं, आणि स्क्रीनवर काही लुकलुकलं की कारकून आधी स्टुलाकडे बघायला लागला.

ही बातमी कचेरीत पसरायला चहाची एक फेरी पुरली. मेहुण्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. दिवसभर दादा मान खाली घालून बसला. आता जन्मभर चेष्टा होणार, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

पण चेष्टा कुणी केली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या दारात तीन लाइनमन येऊन उभे राहिले. तिघंही पंचावन्नच्या पुढचे, तिघंही गडी खांबासारखे, एकाने तर भर वादळात तुटलेली तार जोडलेली. आत कुणी आधी जायचं यावरून त्यांची बराच वेळ ढकलाढकली चालली. शेवटी तिघंही एकदमच आत शिरले.

"काय हवंय?" मॅडमनी विचारलं.

"अर्ज," पहिला म्हणाला.

"बरं. कारण काय लिहायचं?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. एकाचा हात सवयीने गुडघ्याकडे गेला, आणि अर्ध्या वाटेतूनच परत आला.

"दादांनी लिहिलंय तेच," तो म्हणाला.